न सांगता वळवलेले आजोबा

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सध्या टेकत नाही, तेव्हा सातच अंगांचा समजावा.) तुझी पाठ, भाऊजींचा खोकला आणि जिना चढताना तुला लागणारी धाप, तिन्हींची चौकशी करतो, आणि सतरा महिने पत्र का नाही हे तू विचारायच्या आत पुढे सरकतो.

शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बंद केलं, हे तुला कळलंच असेल. कोणाकडेही न शिकता, स्वतःच मोडून-जोडून सव्वीस वर्षं मशीन खोलणारा माणूस बावन्नाव्या वर्षी दुसरं काय करणार? पण आईचं अंथरुणातलं चार वर्षं सगळं मीच केलं होतं. म्हणून इथल्या रुग्णालयात नर्सिंग असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज ठोकला. आयुष्यातली पहिली मुलाखत, तेव्हा तयारी चोख. ग्रंथालयातलं जाडजूड पुस्तक आणून माणसाची दोनशे सहा हाडं पाठ केली (कानातली सहासुद्धा, ती लोक विसरतात). एकही हाड कोणी विचारलं नाही! मेट्रन बाईंनी आधी माझी नखं पाहिली, मग बूट पाहिले, मग हात धुवायला लावून मागे घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. मनगटं राहिली म्हणाल्या. (राहिली होती.) पेशंट आंघोळीला नाही म्हणाला तर काय कराल, असं विचारलं. मी म्हटलं, घालीन. त्यांनी नुसतं ‘हं’ करून काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, ठाम उत्तर आवडलेलं दिसतंय.

मग खरी परीक्षा. पलंगावर एक प्लास्टिकचे आजोबा निजवलेले, अंगात चौकड्यांचा सदरा. त्यांना डाव्या कुशीवर वळवून खालची चादर बदलायची. ताई, मी आधी पलंगाच्या चाकांचा ब्रेक लावला (माझ्या आधीची मुलगी विसरली होती, मी दारातून पाहिलं), एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि चादरीसकट काम बेचाळीस सेकंदांत खलास. सुरकुती नाही! वर पलंगाचं एक चाक ढिलं वाटलं, ते खिशातल्या पेचकसाने कसून दिलं. पलंगाखालून बाहेर आलो तर बाई विचारतात, “आजोबांना काय वाटलं असेल?” मी म्हटलं, “बाई, आजोबा प्लास्टिकचे आहेत.” तर म्हणतात, “ते मला माहीत आहे. हात लावण्याआधी तुम्ही त्यांना सांगितलंत का?”

मी जरा तापलोच. म्हटलं, चार वर्षं आईला असंच वळवलंय, पाठीला एक जखम होऊ दिली नाही. त्यावर बाई आवाज न चढवता म्हणाल्या, “छान. आणि त्या दचकायच्या का?”

ताई, तुला माझी निळी वही आठवते? आईचं औषध, ताप, पाणी, सगळं वेळेसकट लिहिलेली? तिच्यात जवळजवळ रोज एक नोंद आहे: ‘वळवताना आई माझी बाही घट्ट धरते.’ मी ते आजाराचं लक्षण धरून चाललो होतो. डॉक्टरांनाही दाखवलं होतं. त्या खोलीत पेचकस हातात धरून मला पहिल्यांदा कळलं, की ते आजाराचं लक्षण नव्हतं. ते माझं होतं.

आई असताना तू शेवटची आलीस तेव्हा दारातूनच ओरडली होतीस, “अरे, आधी सांग तरी तिला! ती काय मशीन आहे?” आणि मी म्हटलं होतं, चार दिवस पाहुणं म्हणून येणाऱ्यांनी शिकवू नये. तू तिथल्या तिथे बॅग भरलीस. पुढे आई गेली तेव्हा आपण एका खोलीत होतो, पण बोललो ते फक्त आलेल्या माणसांशी.

बाईंना मी खरं ते सांगितलं: दर वेळी दचकायची. त्यांनी फाईल मिटली. म्हटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी पुन्हा या, मात्र जिवंत माणसावर सराव करून, आणि तो माणूस ओरडणारा असला तर उत्तम. निघताना मी आजोबांना ‘आता उताणं करतो हं’ असं सांगून नीट निजवलं. कोणी पाहत नव्हतं. (बाई पाहत होत्या.)

भाऊजींना नमस्कार. लोभ शिल्लक असेल तेवढा राहू द्यावा.

तुझा धाकटा

ता. क. – मंगळवारच्या आधी दोन दिवस इथे येऊन पलंगावर पडून राहशील का? तुझ्या पाठीला आराम मिळावा, एवढाच हेतू. (एवढाच नाही. तुझ्याइतकं ओरडणारं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही. आणि तेव्हा तुझं बरोबर होतं.)

आणखी एक – स्टँडवर घ्यायला येईन. बॅग हातातून घेण्याआधी विचारीन.