उंबऱ्याबाहेरून सांगितलेला प्रोग्राम

सोम. ५ एप्रिल २००४, बदनापूर
वैशाली बाळंत होऊन आठवडा. तिचं एम.एस्सी.चं प्रोजेक्ट वीस तारखेला द्यायचंय, न्हाईतर वर्ष गेलं. कॉम्प्युटर देवघरात, जाड पिनेचा प्लग घरात तिथंच बसतो. बाळंतिणीला सव्वा महिना देवघर बंद. नियम मीच पाळत आले. म्हणून वै. उंबऱ्याबाहेर खाटेवर, कीबोर्डवर मी मॅट्रिकवाली. ती सांगते, मी एकेक अक्षर शोधून दाबते.

मंगळ. ६
प्रोजेक्ट म्हणजे सात आकड्यांचं गणित. शून्य ते सहा, बस. सात आले की परत शून्य; वारासारखं. भागाकारात अपूर्णांक न्हाई. तीन भागिले पाच म्हणजे दोन, कारण पाच दुणे दहा, सात गेले, तीन उरले. पोळ्या लाटताना तेच डोक्यात.

गुरु. ८
एकच ओळ मशीनकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायची, त्याला लूप म्हणतात. शून्य सोडून सगळ्यांनी भागायचं होतं. मी एक ते सात लिहिलं. सातावर अडलं, शून्यानं भागता येत न्हाई म्हणे. वै. हसली. "आई, सोमवार ते सोमवार आठ दिवस मोजतेस तू. इथं दुसरा सोमवार धरायचा नसतो." सहा केलं, चाललं. तेवढ्यात लाईट गेली. सेव्ह केलं नव्हतं.

शनि. १०
बारसं. विहीणबाई केदारखेड्याहून आल्या. म्हणाल्या, नाक आमचंच. मंग म्हणाल्या, देवापुढं हे खोकं कशाला? अठराला जीप पाठवतो, उरलेलं बाळंतपण आमच्याकडं. वै.नं दोन दिवस मागितले. जावई म्हणाले, आई म्हणेल ते. ह्यांनी हो म्हणून मान हलवली. मी चहा ठेवायला उठले.

गुरु. १५
आता चार आकड्यांचं. मी सातासारखंच केलं. दोन दुणे चार, म्हणजे शून्य! दोनानं भागायला वाटच न्हाई. वै. म्हणते चाराला असं चालत न्हाई, एक नवं अक्षर आत घ्यावं लागतं. मला उमजेना, तिला तिथून कॉम्प्युटरचा पडदा दिसेना. "पाच मिनिटं आत येऊ दे ना, आई." मी न्हाई म्हणाले. ती भिंतीकडं तोंड करून पडली.

शनि. १७
अंघोळ करून देव ताम्हणात घेतले, स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन मांडले. क्षमा मागितली. वै.ला म्हणलं, ये.

रवि. १८
जीप दुपारची सांगितली होती, सकाळीच आली, जावई नि विहीणबाईंना घेऊन. प्रोग्राम चालून राह्यला, पण शेवटचा भाग बाकी. वै. मान वर न करता हळूच म्हणाली, "साखर संपली म्हण."
डबा भरलेला. जावयाशी कधी खोटं बोलले न्हाई, आणि जावयाला कुणी दुकानात धाडतं का. तरी पिशवी त्यांच्या हातात दिली, लांबचं दुकान सांगितलं.
विहीणबाई ओसरीवरून विचारून राह्यल्या, चहाला एवढा वेळ?
जावई अजून यायचेत.