राजाच्या खुर्चीत बाबा

प्रिय चिऊ,

तुझ्या हुकमाप्रमाणे काल मी आणि बाबा तो महाल बघून आलो. पुढच्या वर्षी लग्न तिथल्याच बागेत, असं तू आणि आमच्या होणाऱ्या जावईबापूंनी परस्पर ठरवलंत. आम्ही फक्त मान डोलवायची बाकी होती. माझी काही डोलली नाही.

बाग म्हणजे काय, तर कात्रीने भादरलेली झुडपं. सावली औषधालाही नाही. गवतावर पाय ठेवायचा नाही, मग वऱ्हाड काय हवेत तरंगणार? आत चित्रांचं संग्रहालय. भिंतभर राजे, सगळ्यांची नाकं सारखी आणि कर्तृत्व बहुधा नाकाएवढंच. राण्या पोटात दुखत असल्यासारख्या बसलेल्या. या मंडळींनी एवढ्या दालनांत राहून आयुष्यभर केलं काय, असं माहिती सांगणाऱ्या मुलीला विचारलं, तर ती झुंबराचं वजन सांगायला लागली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

नवल वाटलं ते बाबांचं. घरातलं कॅलेंडरही धड न बघणारा हा माणूस प्रत्येक चित्रापुढे हात मागे बांधून उभा. म्हातारपणी रसिकता उतू चाललीय, असं मी टोचलंसुद्धा. ते नुसते हसले. मग तो लांबलचक संगमरवरी जिना आला. वर पोचलो आणि बाबा दोरी ओलांडून सरळ राजाच्या मखमली खुर्चीत जाऊन बसले! पहारेकरी धावत येऊन ओरडला. लोक हसले. लाज आणलीत, म्हणून मीही खेकसले. ते उठेचनात. ओठ निळे पडले होते गं. मग मात्र मी त्या पहारेकऱ्याला असं काही फैलावर घेतलं, की त्यानेच पाणी आणून दिलं.

बाबांचं हृदय थकलंय, चिऊ. डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. मला काल घरी आल्यावर कळलं. पुढच्या वर्षाची खात्री कोणी देत नाही. पोरीची हौस मोडायची नाही, तिला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. मी कधी त्यांचं ऐकलंय? तेव्हा तुझ्या त्या महालाला माझा कोपरापासून नमस्कार, आणि लग्न याच महिन्यात आपल्या बैठकीच्या खोलीत. मला फार भीती वाटतेय. फोनवर हे बोलता येत नाही, तुझा फोन आला की ते शेजारीच कान देऊन बसतात. म्हणून लिहिलं. तूही काही विचारू नकोस. घाई तुम्हा दोघांनाच झालीय, असं त्यांना सांग.

तुझीच,
तोंडाळ आई