काउंटर चालू आहे

२२ एप्रिल १९९१, सोमवार
नवी फटीग टेस्ट सुरू. फायबरग्लासची पट्टी, थरावर थर चिकटवलेली, मधोमध ड्रिलने भोक. मशीन तिला ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं; काउंटर प्रत्येक ओढ मोजतो. भोवती बंद, तापलेला ओव्हन. मोठ्या पंख्यांच्या पात्यांची ऑर्डर हिच्यावर आहे.
चौबळसाहेब म्हणाले, कुमुदिनीवहिनींच्या तेराव्यानंतर तुम्ही एक दिवस घरी बसला नाहीत, महिनाभर रजेवर जा. मी म्हटलं, मी ठीक आहे. ही टेस्ट दहा लाख ओढींपर्यंत नेऊन दाखवतो, मग रजेचा विषय नको. कबूल झाले.
घरी बसून करायचं काय?

२३ एप्रिल
चहा पुन्हा दोन कप झाला. वाया नको म्हणून दोन्ही मीच प्यालो. फार गोड. कॅम्प पाचच्या किराणावाल्या सिंधी शेठला विचारलं, साखर बदललीत का? म्हणे, साईं, शक्कर तो मीठीच असणार ना!
उद्यापासून एकच कप.

२४ एप्रिल
वैताग. पट्टी तुटली की एक स्विच पडून मशीन थांबतं. पण व्होल्टेज हललं तरी तो पडतो. सकाळपासून सारखं तेच. शेवटी स्विच सुतळीने बांधून टाकला. शेजारच्या टेबलावरचा भीमराव म्हणाला, हे म्हणजे थर्मामीटर फोडून ताप उतरवणं. भीमरावला प्रत्येक गोष्टीत विनोद दिसतो.

२६ एप्रिल, शुक्रवार
एमआयडीसीची सुट्टी. वीज बंद, मशीन बंद. कोणी ठेवला हा शुक्रवार?
कुमुदिनीचं कपाट आवरायचं ठरवलं. उघडलं. बंद केलं. बिजागऱ्या कुरकुरतात. आधी तेल आणायला हवं.

३० एप्रिल
आठ लाख! पुस्तकात आहे ते खरं. भोकाच्या कडेला बारीक चिरा पडल्या की तिथला ताण पसरतो आणि पट्टी काही काळ उलट जास्तच भार झेलते. भीमरावला म्हटलं, मार खाल्ल्यावर माल पक्का होतो. तो म्हणाला, एवढ्या उष्णतेतसुद्धा? मी काउंटरचा आकडा वहीत उतरवला.
तेल राहिलं. चहा दोन कप. एक तारखेपासून नक्की एक.

२ मे, गुरुवार
दहा लाख पूर्ण. चौबळसाहेबांना मुद्दाम बोलावलं. भीमरावने सगळ्यांसाठी वडापाव मागवले. मी ओव्हन उघडला.
पट्टी भोकातून आरपार तुटलेली. वरचा तुकडा नुसता लटकत होता, खालचा एकटाच वरखाली करत होता. भीमराव म्हणाला, टोकं घासून गुळगुळीत झालीत, ही पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेली असणार. या वेळी हसला नाही.
काउंटर चालूच होता. चौबळसाहेबांनी सुतळी स्वतः सोडली. म्हणाले, श्यामकांतराव, उद्यापासून रजा.
वडापाव कोणी खाल्ले, लक्षात नाही.

३ मे, शुक्रवार
बेलवलीहून धाकटी बहीण आली, सुनेत्रा. चहा दोन कप केला. आज प्रमाण बरोबर आलं.
एक घोट घेऊन ती म्हणाली, दादा, किती ही साखर! आणि तू तर बिनसाखरेचा पितोस ना?
म्हटलं, तिला एवढी लागते.