ब्लूग्रासला जोडी लागते

३ ऑगस्ट, रविवार
गिटारची तीच तार परत तुटली! महिन्यात तिसरी. आणि पुन्हा तिथेच — एकशे साठच्या वेगाला. मोबाईलमधला ठेका मोजणारा मेट्रोनोम मिनिटाला एकशे पन्नासवर टकटकत असेल तोवर हात माझा. एकशे साठ झाले की हात दुसऱ्याच कोणाचा तरी. नियम तर एवढाच — तार छेडायची ती पिक एकदा खाली, एकदा वर, एकदा खाली, एकदा वर. पण तार बदलताना माझे दोन 'वर' लागोपाठ पडतात. इथेच घोडं पेंड खातं.

हर्षा भात वाढता वाढता म्हणाली, "का जी, कापूस पिंजून रायले का?" बायको आहे म्हणून सोडलं.

५ ऑगस्ट
ड्रायक्रीकला रेकॉर्डिंग पाठवलं. हे त्याचं इंटरनेटवरचं नाव, खरं नाव देव जाणे. एका अमेरिकन मास्तरांच्या ब्लूग्रासच्या, म्हणजे तिकडच्या डोंगराळ खेड्यांतल्या तारवाद्यांच्या संगीताच्या, व्हिडिओंखाली रोज शंका विचारणारे आम्ही दोघंच. त्यातून ओळख झाली, तिला आठ महिने झाले. मी तिथे 'डेव्ह' आहे. देवानंद, कामठ्याचा पोस्टमास्तर, असं लिहिलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं का?

दुपारी दीडला पाठवलं, सात मिनिटांत उत्तर! तिकडे अमेरिकेत पहाटेचे चार. म्हाताऱ्याला झोप नसावी. म्हातारा, हे मीच ठरवलंय — पांढरी दाढी, लाकडी ओसरी, मागे डोंगर. लिहितो, "ब्रदर, युवर हँड इज अँग्री. गो स्लो." इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. तिकडच्या खेड्यात असंच बोलत असतील.

६ ऑगस्ट
हात खरंच रागावलेला आहे. पण कोणावर?

१० ऑगस्ट, रविवार
गोंदियाला गेलो. गिटार क्लासच्या सरांना विचारलं, महिन्यातून एकदा माझ्यासोबत बसाल का? म्हणाले, "कौन सा गाना है, भैया?" म्हटलं गाणं नाही, धून आहे. एक जण वाजवतो, बाकीचे ठेका धरतात, मग पाळी दुसऱ्याकडे जाते. "तो फिर पब्लिक क्या गाएगी?" उठलो. सरळ बस धरली.

दोन वर्षांपूर्वी दुपारी पोस्टात बसून तो पहिला व्हिडिओ पाहिला. पाच माणसं, एक माईक. कोणी बोलत नाही. एकाने दुसऱ्याकडे बघून मान हलवली की पाळी त्याची. कुठलाच गाजावाजा नाही! तेव्हापासून जिवाला चैन नाही. मला ती मान हलवणारी माणसं हवीत. पाच नकोत. एक चालेल. एकट्याने वाजवून वाजवून हे संगीत येतच नाही, हे दोन वर्षांनी कळलं.

१४ ऑगस्ट
एकशे बावन्न!! एकही चूक नाही.

१५ ऑगस्ट
एकशे अठ्ठेचाळीस.

३० ऑगस्ट, शनिवार
शोभा झाली.

गणपतीपुढे मंडळाचं भजन. बकाराम पेटीवर, चैतराम ढोलकीवर, कडेला मी गिटार घेऊन. चैतरामला आधीच सांगून ठेवलं होतं, मधे मला एकदा जागा द्या. "हाव जी, देऊन टाकू." सुरुवात बरी झाली. ठेका बसला. मला वाटलं, जमतंय की! मग रीतीप्रमाणे बकारामकडे बघून मान हलवली — आता तू घे. त्याला वाटलं मी दाद दिली. गडी खुलला. पेटीवर एक हरकत, दुसरी हरकत, तिसरी. संपल्यावर हसून माझ्याकडे बघत त्यानेही मान हलवली.

माझी पाळी! मी घुसलो. एकशे साठने. नेमकं तेव्हाच त्याने पुढचं कडवं उचललं. पेटी एकीकडे, गिटार दुसरीकडे, टाळ थांबले, चैतरामचे हात हवेतच.

"काऊन जी, मधातच कायले घुसले?"

"तुम्ही मान हलवली ना!"

"तुमी हालवली म्हनून म्या हालवली!"

अख्खा मंडप हसला. चैतरामची म्हातारी आई तर डोळे पुसत होती. मीही हसल्यासारखं केलं.

१ सप्टेंबर, सोमवार
हर्षा म्हणाली होतीच, "आता पोस्टात लोकं मान हालवत येतीन." आले. सात जण. सगळ्यांनी खिडकीतून आधी मान हलवली, मग पासबुक काढलं.

४ सप्टेंबर
गिटार पोत्यात गुंडाळून कपाटावर टाकली. बोटं मात्र ऐकत नाहीत. जेवताना ताटाच्या कडेवर चालतात, टपालावर शिक्के मारताना खाली-वर मोजतात. कुठेच लक्ष लागत नाही. अंगणात जातो, परत येतो, कशाला गेलो होतो ते विसरतो.

हर्षाने विचारलं, "वाजवत नाई का जी आता?"

"नाही."

"घर सुनं सुनं लागून रायलं."

आता म्हणते!

६ सप्टेंबर
ड्रायक्रीकला लिहून टाकलं. गिटार सोडतोय. इथे माझ्यासोबत वाजवणारं कोणी नाही, दोन वर्षं शोधलं, लोक हसतात. तू होतास म्हणून एवढं तरी टिकलो. थँक यू ब्रदर.

एवढं खरं मी हर्षालाही सांगितलेलं नाही. पाठवलं आणि रडू आलं. चव्वेचाळीसाव्या वर्षी, दाढीवाल्या परक्या म्हाताऱ्यासाठी!

सात मिनिटं झाली. तास झाला. उत्तर नाही.

७ सप्टेंबर, रविवार
नाही.

८ सप्टेंबर
आलं! उत्तर नाही, रेकॉर्डिंग! नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्याने स्वतः वाजवलेलं पाठवलंय. खाली लिहिलंय, "सॉरी, नो सायलेंट प्लेस हियर. आय गिव्ह रिदम, यू प्ले ऑन टॉप. डोन्ट स्टॉप." तीन मिनिटं नुसता ठेका. काय ठेका! मागे गाड्यांची घरघर, भांडी. शेवटचा सूर थांबल्यावर दोन क्षण शांतता, आणि जवळच कोणीतरी फोनवर ओरडतोय —

"हाव जी, कोहमाऱ्याच्या ढाब्यावरच आहो! काई नाई, आपला इंद्रकुमार गिटार वाजवून रायला, त्याचाच आवाज होय!"

चारदा ऐकलं. कोहमारा! आपल्याच जिल्ह्यातलं! मोटारसायकलने दीड तास!