रिकाम्या घराची गोरसी

भैयालाल भाऊजी,

उन्हाळ्यात आठ दिवस ज्यात राहाले येता, त्या तुमच्या लामता गावच्या घरात मी रोज निखाऱ्याची गोरसी पेटवून राह्यली. नागपूरहून तुमचाच निरोप होता, "भिताडाले ओल लागू देऊ नका, पण आत कोणी झोपाचं नाही." पौषातल्या गारांनी आमच्या घराच्या छपराचे कवेलू फुटले. तुमची माय ओल्या गोधडीत कुडकुडत होती, आन् मी तुमच्या रिकाम्या पलंगाले शेक देत होती! भिताडाची एवढी काळजी, मायची काहून नाही?

काल तिले उचलून त्याच पलंगावर निजवली. म्हणते कशी, "भैयालालनं माह्यासाठीच घर गरम ठेवलं ना वं?"

मी "हौ" म्हटलं.

हे पत्र डाकेत टाकत नाही. उन्हाळ्यात याल, तवा दार वाजवा. कडी आतून आहे.

तुमच्या मायची सून,
मैना