मावशी पीत नव्हती

३ मार्च
नाशिकहून परत. आयला एम.एस. मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजतं म्हणे. डॉ.नी विचारलं, "नात्यात आणखी कुणाला?" मामा चटकन, "कुणालाच नाय." आय खाली बघत बसली. जव्हार येईतो माझ्या डोक्यात तिची थोरली बहीण, सूर्यमाळची मावशी. भिंत धरून चालते, जीभ जड. अख्खा पाडा तिला दारुडी म्हणतो.

८ मार्च
सूर्यमाळ. मावशी पडवीत बसलेली. सरळच विचारलं, कधीपासून पितेस? हसली. "मोहाच्या दारूचा वास आला तरी मला मळमळतं, पोरी. चालताना झोक गेला न् सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. विचारलं कुणी?" नवऱ्याने यावरूनच हाकललं. भगताने दारू सुटावी म्हणून उतारे केले. जी कधी घेतलीच नाही ती सुटणार कशी, मूर्खांनो!

९ मार्च
मामाशी कडाक्याचं भांडण. त्याला ठाऊक होतं. तिच्या तोंडाचा वास घेऊन बघितलेला तोच. म्हणतो, "दारुडीच राहू दे. दारू पोरीबाळींच्या मागं लागत नाय, रोग लागतो. तुझी मोखाड्याची सोयरीक मोडंल." म्हणजे माझ्या लग्नापायी मावशी बदनाम. वा रे वा! वर आय म्हणते, "तो तुझ्या भल्याचंच बोलतो." भलं गेलं चुलीत.

१२ मार्च
मधल्या सुट्टीत शाळेच्या स्टाफरूममधून डॉ.ना फोन. मावशीचं सांगितलं. चिडले, हे आधीच सांगायला हवं होतं. तिला आणा, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. आणि मला? आईला आहे म्हणून मुलीला होतोच असं नाही. धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, पण बहुतेक मुलांना होत नाही.
बहुतेक.

१५ मार्च
मोखाड्याची माणसं आली. मुलाची आई चहा पिता पिता, "तुमची ती सूर्यमाळची मावशी पिते म्हणं?" मामा, "काय करणार, सवय." सगळे हसले. मुलगाही. डोकंच सटकलं. म्हटलं, "पीत नाही. आजारी आहे. बहुतेक आयचाच आजार. मलाही होऊ शकतो." कपबशा खाली. मुलगा माझ्या पायांकडे बघत राहिला. जाताना कळवतो म्हणाले.

१८ मार्च
फोन नाही. नसू दे! मग सारखा मोबाईल का बघतेय मी? उद्या मावशीला नाशिकला न्यायचं, जीप ठरवली. मामा येत नाही म्हणाला. आय येते म्हणते, काठी घेऊन.
मावशीचा निरोप आला: "डॉक्टरला म्हणावं, आधी माझ्या तोंडाचा वास घे."