दुकानाच्या साइटवर मामीचं गाणं

सोमवार

चि. भिंगरीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

आईचे गुडघे कसे आहेत? जावईबापूंचा खोकला हटला का? धाकटीचा दात पडला की अजून लोंबतोयच? मी मजेत आहे असं लिहिलं असतं, पण ते खोटं ठरेल. फोनवर सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र.

शिलाई मशीन दुरुस्तीच्या आपल्या दुकानाची वेबसाइट मी धडपडत स्वतःच बनवली. ती उघडली की तुझी मामी गाते. ती गेली, पण मशीनवर बसून गुणगुणलेलं ते सिनेमातलं गाणं तेवढं टेपवर राहिलंय. आवाज आपल्या माणसाचा, म्हणजे गाणं आपलंच, असं मी धरून चाललो. परवा म्युझिक कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. गाणं काढा, सगळ्या प्रती नष्ट करा. साइट तिथल्या तिथे बंद केली आणि टेप जुन्या मशीनच्या पोटात, मोटरमागे लपवली. दार वाजलं की आधी खिडकीतून डोकावून बघतो. टेप न्यायला येतील का गं? तू रेडिओसाठी गाण्यांचे परवाने काढतेस, तूच सांग.

तुझा भित्रा मामा

शुक्रवार

ती. मामांस सा. न.

दात पडला, खोकलाही गेला. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

मामा, आधी टेप मोटरजवळून काढा! चुंबकानं पुसली जाईल. घरातल्या टेपला कुणी हात लावणार नाही. आवाज मामीचा, पण शब्द आणि चाल कंपनीची. साइटवर जगाला ऐकवायचं तर त्यांचा परवाना हवा. मी तुमच्या वतीनं मागितलाय. येईपर्यंत काही चढवू नका, आणि पोटात दोन घास जाऊ द्या.

तुमची भिंगरी

मंगळवार

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताच मशीन उचकटलं. टेप लावताना डोळे घट्ट मिटले होते. सुरुवात खरखरते, पण आवाज आहे.

परवानाही आला. पण कंपनीच्या बाईंनी फोनवर सहज विचारलं, "गाणाऱ्यांची हरकत नाही ना?" नोटिशीलाही इतका घाबरलो नव्हतो. गिऱ्हाईक दारात दिसलं की गाणं तोडून सुईत दोरा ओवत बसणारी बाई ती. टेप चालू आहे हे तिला कळलंही नव्हतं. आठवड्याभरात सांगतो म्हणून फोन ठेवला. आता गाणं चढवायला बोट धजत नाही.

तू तिच्या मांडीवर वाढलीस. हो म्हणाली असती का गं ती? आईलाही विचार, माया आहे तशीच राहू दे, आणि लगेच लिही.

मामा